क्षार सहनशीलतेची जनुके सापडली, तरी क्षारपड जमिनीत तग धरणारे वाण इतके थोडे का? (चौघांचा संवाद)

बीजांकुर

क्षार सहनशीलतेच्या जनुकशास्त्राविषयी वाचताना एक विसंगती सतत खटकते. भातातील एसकेसी१ हे जनुक २००५ साली वेगळे काढले गेले आणि त्यापासून बनणारे प्रथिन सोडियमची ने-आण करते, हेही तेव्हाच दाखवले गेले. क्षार सोसणाऱ्या नोना बोकरा वाणातील हे प्रथिन आणि क्षारांपुढे लवकर मान टाकणाऱ्या कोशिहिकारी वाणातील तेच प्रथिन यांत अवघ्या चार अमिनो आम्लांचा फरक आहे. केरळातील क्षार सोसणाऱ्या पोक्काळी भाताच्या पहिल्या गुणसूत्रावरील ‘सॉल्टोल’ हा भागही बऱ्याच वर्षांपासून परिचित आहे. रोपावस्थेतील सोडियम-पोटॅशियम गुणोत्तरात जो फरक दिसतो, त्यातील ४० टक्क्यांच्या आसपास वाटा या एकाच भागाचा असल्याचे काही प्रयोगांत आढळले. मग हा गुण एका जनुकाचा मानावा की अनेकांचा? आणि एकाच जनुकाचा प्रभाव इतका मोठा असेल, तर ते इतर पिकांत घालून प्रश्न सुटत का नाही?

मूलरोम

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे, मात्र त्यासाठी क्षार सहनशीलता हा एकच गुण आहे ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. क्षारांचा आघात दोन टप्प्यांत होतो. मुळांभोवतीच्या पाण्यातील क्षार वाढताच परासरणामुळे (पाणी जास्त क्षारांच्या बाजूकडे ओढले जात असल्याने) पाणी शोषून घेणे अवघड होते आणि नव्या पानांची वाढ लगेच मंदावते; या वेळी पानांत सोडियम फारसा पोचलेलाही नसतो. दुसरा टप्पा सावकाश येतो. बाष्पोत्सर्जनाच्या ओघाबरोबर सोडियम पानांत चढत राहतो, जुन्या पानांत तो विषारी पातळी गाठतो आणि ती पाने करपतात. नवी पाने येण्याच्या वेगापेक्षा जुनी पाने मरण्याचा वेग वाढला की झाडाचे गणित तुटीत जाते.

आपण उल्लेखिलेले एसकेसी१ केवळ या दुसऱ्या टप्प्यात उपयोगी पडते. ते एचकेटी या सोडियमची ने-आण करणाऱ्या प्रथिनांच्या कुळातील वाहक असून जलवाहिन्यांभोवतीच्या पेशींत काम करते आणि वर निघालेला सोडियम वाहिनीतून परत खेचून घेते. गव्हातही याच कुळाचा हात आहे. सरबती गव्हाच्या, म्हणजे पोळीच्या गव्हाच्या, ‘डी’ जनुकसंचात, चौथ्या गुणसूत्रावर, असे जनुक आहे. बन्सी म्हणजे ड्युरम गव्हात ‘डी’ संचच नसल्याने तो पानांत अधिक सोडियम साठवतो. ही उणीव भरून काढण्यासाठी ट्रिटिकम मोनोकॉकम या आदिम गव्हातील नॅक्स२ हे जनुक नेहमीच्या संकराने ड्युरममध्ये आणले गेले आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील शेतचाचणीत, क्षारयुक्त जमिनीवर, हे जनुक नसलेल्या भावंड वाणांपेक्षा उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत अधिक आले. म्हणजे एका जनुकाने काहीच साधत नाही, असे म्हणता येणार नाही. परंतु परासरणाचा ताण, पेशीत शिरलेला सोडियम सुरक्षित जागी कोंडणे, पोटॅशियम टिकवून धरणे या प्रत्येक कामाची जनुके वेगळी आहेत.

साशंक

मूलरोम यांनी सांगितलेली यंत्रणा बरोबर आहे, तरीही पानातील सोडियम मोजणे म्हणजे सहनशीलता मोजणे, हे या क्षेत्रात रूढ झालेले समीकरण मला मान्य नाही. सोडियमचे मापन सोपे, स्वस्त आणि गुणसूत्रावर नेमके बसवता येणारे आहे. म्हणूनच त्याची जनुके सर्वांत आधी सापडली. जे मोजता आले तेच महत्त्वाचे ठरले, असा हा प्रकार आहे.

पोर्तुगालमधील ‘मोचो दे एस्पिगा ब्रांका’ या सरबती गव्हाच्या वाणाचे उदाहरण पाहावे. मूलरोम यांनी वर्णन केलेल्या ‘डी’ संचातील त्याच एचकेटी जनुकात या वाणात एका अक्षराचा बदल झालेला आहे, वाहक नीट काम करत नाही आणि पानांत इतर वाणांच्या कितीतरी पट सोडियम साठतो. तरीही हा गहू क्षारांत इतरांच्या बरोबरीने उभा राहतो. सातूची सहनशीलताही पानांत सोडियम अजिबात येऊ न देण्यावर उभी नाही. खाऱ्या दलदलीत वाढणाऱ्या वनस्पती तर सोडियमला दूर ठेवण्याऐवजी त्याचा वापर करतात: तो रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील साठवणीच्या पिशवीत, भरतात आणि त्याच्या बळावर पाणी ओढतात. यामागे ऊर्जेचा हिशेब आहे. पाणी ओढण्यासाठी शर्करा किंवा प्रोलिनसारखी द्रव्ये तयार करण्यास जो ऊर्जाखर्च येतो, त्याच्या तुलनेत आयते मिळालेले सोडियम व क्लोराइड साठवणे कितीतरी स्वस्त पडते. सोडियम पूर्णपणे बाहेर ठेवणाऱ्या झाडाला ही किंमत दाण्यातून मोजावी लागते.

अर्थात साठवण्याचा मार्गही एका जनुकाने खुला होत नाही. रिक्तिकेत सोडियम ढकलणारे एनएचएक्स१ हे जनुक अधिक प्रमाणात व्यक्त करून २००१ साली टोमॅटोची झाडे २०० मिलिमोलर मिठाच्या पाण्यावर फळापर्यंत आणली गेली, आणि समुद्राच्या पाण्यातील मिठाच्या सुमारे दोन पंचमांश इतक्या तीव्रतेचा हा आकडा तेव्हा फार गाजला. पण रिक्तिका सोडियमने भरली की उरलेल्या पेशीद्रव्यातही तितकाच परासरण दाब निर्माण करणारे निरुपद्रवी द्रव्य असावे लागते, शिवाय कोंडलेला सोडियम झिरपून परत येऊ नये म्हणून प्रोटॉन पंप सतत चालू ठेवावे लागतात. पेशीद्रव्यातील निरुपद्रवी द्रव्य म्हणून अनेक वनस्पती ग्लायसीन बीटेन वापरतात. भाताला ते पुरेसे बनवताच येत नाही. तेव्हा एका पिकातील जनुक दुसऱ्यात घालताना, त्या जनुकाला ज्या सोबत्यांची गरज आहे ते तिथे आहेत का, हे आधी पाहावे लागते. काचगृहातील कुंडीत त्यांची उणीव सहसा जाणवत नाही.

गाळपेर

वरच्या चर्चेत पिकाचे वय सुटले आहे, म्हणून थोडी भर घालतो. भात उगवणीच्या वेळी क्षार बऱ्यापैकी सोसतो, कोवळ्या रोपावस्थेत नाजूक असतो, फुटवे येताना पुन्हा सावरतो आणि पोटरीपासून फुलोऱ्यापर्यंत सर्वांत हळवा होतो, कारण तेव्हा परागकण निकामी होऊन लोंब्या पळिंज, म्हणजे दाण्यांविना पोकळ, राहतात. रोपावस्थेतील सहनशीलता आणि फुलोऱ्यातील सहनशीलता यांचा परस्परसंबंध क्षीण असून त्यांची जनुकीय स्थानेही बहुतांशी वेगळी आहेत. सॉल्टोल हे रोपावस्थेचे स्थान आहे. ते असलेला वाण लावणीनंतर जगेल. पण दाणे भरतीलच, याची हमी त्यात नाही.

जमिनीचा प्रकारही पाहिला पाहिजे. क्षारयुक्त जमीन आणि चोपण जमीन यांतील अडचणी निरनिराळ्या आहेत. चोपण जमिनीत विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा अधिक आणि सामू साधारण ८.५ च्या वर असतो, आणि तिथे एचकेटीपेक्षा अल्कधर्मी ताणाशी झुंजणारी यंत्रणा निर्णायक ठरते. ज्वारीत २०२३ साली वर्णन केलेले एटी१ हे जनुक याच प्रकारचे आहे, आणि गंमत अशी की ते निकामी केल्यावर झाड अधिक सहनशील होते. हायड्रोजन पेरॉक्साइड पेशीबाहेर सोडणाऱ्या जलवाहक प्रथिनांना हे जनुक आवर घालते. तो आवर सुटला की पेशीतील घातक साठा कमी होतो.

बीजांकुर

सर्वांचे आभार. मग निवड नेमकी कशावर करावी? पानातील सोडियमवर नाही, रोपाच्या जगण्यावर नाही, तर कशावर?

साशंक

दाण्यांच्या उत्पादनावर, आणि तेही एकाच वाणाचे साध्या व क्षारयुक्त अशा दोन्ही शेतांत शेजारी-शेजारी घेतलेल्या उत्पादनावर. केवळ दोहोंचे गुणोत्तर पाहिले, तर मुळातच कमी पिकणारा वाण फार सहनशील भासतो, म्हणून प्रत्यक्ष उत्पादनही सोबत ठेवावे. क्षाराची पातळी पिकानुसार निवडावी लागते: मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता (म्हणजे मातीतील क्षारांचे माप) ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की भाताचे उत्पादन दर एककामागे सुमारे १२ टक्क्यांनी घटते, तर सातूची घट ८ नंतर सुरू होते आणि ती सुमारे ५ टक्केच असते. सोडियमचे मापन मी टाकून देत नाही. उत्पादनावर निवड झाल्यानंतर, निवडलेल्या वाणाने कोणता मार्ग घेतला हे ओळखण्यासाठी ते करावे.

मूलरोम

साशंक यांच्या कसोटीशी मी सहमत आहे, फक्त शेतातील क्षार दर काही पावलांवर बदलत असल्याने अशा चाचण्यांत पुनरावृत्ती भरपूर ठेवाव्या लागतात आणि हजारो ओळी एकाच वेळी तपासणे परवडत नाही. म्हणून आधी चिन्हकांनी (जनुकाची जागा ओळखून देणाऱ्या डीएनएच्या खुणांनी) रोपावस्थेचे आणि फुलोऱ्याचे अशी दोन्ही स्थाने एका वाणात एकत्र आणावीत, आणि जी मोजकी संतती उरेल तीच शेतात न्यावी. पोक्काळीतून सॉल्टोल घेताना त्याच्यालगतचे उंच वाढीसारखे नको असलेले गुणही ओढले जातात, त्यामुळे परतसंकराच्या (संततीचा मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करण्याच्या) दर पिढीत त्या भागाच्या दोन्ही कडांवर चिन्हके ठेवणे आवश्यक असते.