शब्दचर्चा : ‘जलवापर कार्यक्षमता’ वाढली म्हणजे झाड कमी पाणी पितं का?

प्रश्न, फोंड्याहून
शाळेतल्या विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी मजकूर लिहिते आहे. विषय : जंगलातल्या झाडांना नत्र दिलं तर त्यांची वाढ आणि पाणी यांचं काय होतं. एका प्रयोगाबद्दलच्या एका वाक्याशी अडले. ‘नत्र दिल्यावर झाडांची जलवापर कार्यक्षमता वाढली.’ मुलांनी एकजात अर्थ लावला, खत घातलं की झाडाला पाणी कमी लागतं. एकाने विचारलंसुद्धा, ‘मग कुळागरात (सुपारीच्या बागेत) युरिया मारला तर पाट सोडायला नको ना?’ शब्द बदलू की मुलांना समजावू?

उत्तर, सांखळीहून
शब्द चुकीचा नाही, पण तो गुणोत्तराचा आहे (खर्च झालेल्या पाण्यामागे किती अन्न बनलं), आणि ऐकायला बचतीचा वाटतो. मुलांना स्कूटरचं अ‍ॅव्हरेज सांगा. लिटरला पन्नास देणारी गाडी घेतली आणि रोज पणजीला दोन खेपा मारू लागलात, तर महिन्याचं पेट्रोल वाढेलच की.
पानाचंही तसंच. पर्णरंध्र, म्हणजे पानावरचं बारीक छिद्र, हे एकच दार. कार्बन डायऑक्साइड त्यातूनच आत येतो आणि वाफ त्यातूनच बाहेर जाते. पानातल्या नत्राचा मोठा वाटा प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या प्रथिनांत असतो. नत्र वाढलं की दार तेवढंच उघडं ठेवून पान जास्त अन्न बनवू शकतं, म्हणजे अ‍ॅव्हरेज सुधारलं. दार अर्धं ओढून घेतलं तरी अ‍ॅव्हरेज सुधारतं, कारण वाफ जितकी घटते तितकं अन्न घटत नाही. तेव्हा ‘कार्यक्षमता वाढली’ एवढ्यावरून झाड मजेत आहे की हाल सोसतंय, ते कळत नाही. मी ‘पाण्यामागे होणारी वाढ’ असं लिहीन. लांबट आहे, पण फसवत नाही.

उत्तर, पर्वरीहून (मूळ कोल्हापूरचा)
नत्र जास्त झाल्यावर जे होतं त्यासाठी आमच्याकडे जुना शब्द आहे : माजणे. उसाला युरिया जास्त झाला की आधी ‘काळोखी येते’, म्हणजे पानं गडद हिरवी पडतात, आणि मग पीक ‘माजतं’, म्हणजे नुसतं पाल्यानं वाढत सुटतं. कृषी खात्याच्या पत्रकात याला ‘शाखीय वाढ’ म्हणतात. बांधावर मी तो शब्द कधी ऐकलेला नाही.

उत्तर, वाळपईहून
माजणे आम्हालाही ठाऊक. काजूला नत्र जास्त झालं की कोवळी पालवी सुटत राहते, मोहोराचं नाव नाही, आणि त्या लुसलुशीत पालवीवर ढेकण्या नावाची कीड तुटून पडते. पण भाऊ, ‘माज’ ही फळ हवं असलेल्याची तक्रार आहे. लाकूड हवं असलेला त्यालाच भरघोस वाढ म्हणेल. ताईंचा प्रयोग कुठला आणि झाड कुठलं, ते आधी कळू दे.

प्रश्नकर्ती
बरोबर, तेच सांगायचं राहिलं. झाड डग्लस फर (लाकडासाठी वाढवतात ते सूचिपर्णी झाड), ठिकाण अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य. १९६४ मध्ये प्रयोग सुरू झाला. नत्राच्या तीन मात्रा होत्या : हेक्टरी १५७, ३१४ आणि ४७१ किलो. (सगळ्यात मोठी मात्रा युरियाच्या हिशेबात ४५ किलोच्या जवळजवळ २३ गोण्या होते!) पुढे संशोधकांनी खोडातली वर्षवलयं तपासली. सर्वांत कमी मात्रेत वाढ दुप्पट, सर्वांत जास्त मात्रेत चौपटीच्याही वर, आणि तिचा परिणाम २० वर्षं दिसत राहिला. लाकडातल्या कार्बन-१३ (कार्बनचा जड प्रकार) वरून काढलेली ‘कार्यक्षमता’ मात्र चारच वर्षं वाढलेली होती, आणि तिन्ही मात्रांत सारखीच. ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड प्रकार) वरून दिसलं की उन्हाळ्याच्या शेवटी दारं साधारण ३० टक्के कमी उघडत होती. प्रत्येक पान अन्नही कमीच बनवत होतं. तरी झाड वाढलं, ते कशाच्या बळावर? संशोधकांचा अंदाज असा की मोठ्या मात्रेत पानांचा पसाराच चौपट झाला असावा. तिथले उन्हाळे कोरडे. एवढ्या पानांनी जमिनीतलं पाणी ओढून संपवलं आणि झाड तहानलं.

उत्तर, पर्वरीहून
मग माजणेच! व्युत्पत्ती पाहा : संस्कृत ‘माद्यति’, प्राकृत ‘मज्जइ’, मराठी ‘माजणे’. मूळ अर्थ मद चढणे. जास्त प्यायलं आणि शेवटी घशाला कोरड पडली. काजूच्या हंगामात गोव्यात हे समजावून सांगायची गरज नसावी.

उत्तर, सांखळीहून
विनोद झकास, पण भित्तिपत्रक आठवीच्या मुलांचं आहे.
एक शब्द राहून जातोय : ताण. संत्र्याच्या बागेत बहार धरायला पाणी तोडतात, त्याला ‘ताण देणे’ म्हणतात. तिथे ताण देणारा माणूस असतो. पाऊस ओढला की ताण ‘बसतो’, तिथे देणारं आभाळ. या फरला ताण दिला कोणी? त्याच्याच पानांनी. ‘माजणे’मध्ये पसारा येतो, ‘ताण’मध्ये तहान. दोन्ही शब्द घ्या आणि ‘कार्यक्षमता’ कंसात टाका.

उत्तर, वाळपईहून
ताणाला माझी हरकत नाही. आपल्याकडे पाऊस चार महिने कोसळतो आणि पुढे मेपर्यंत जांभा तापतो, त्यामुळे ताण मुलांना पाठ आहे. फक्त या आकड्यांवरून इथल्या काजूचं भाकीत करू नका. आपली माती वेगळी, झाड वेगळं. आणि भर पावसात टाकलेलं नत्र निम्मं ओहोळाला लागलं तरी नवल नाही.

प्रश्नकर्ती
असं लिहिलंय, पाहा :
‘नत्र मिळाल्यावर रानातली झाडं पानांनी माजली. पहिली काही वर्षं पाण्यामागे होणारी वाढ जास्त दिसली, पण पानं इतकी झाली की उन्हाळ्याच्या अखेरीस झाडांना त्यांच्याच पानांमुळे ताण बसला.’

उत्तर, पर्वरीहून
उत्तम. फक्त ‘रान’ नको. आमच्याकडे रान म्हणजे शेत, ‘रानाला खत घातलं’ हे रोजचं वाक्य.

प्रश्नकर्ती
इथे रानाला खत घातलं म्हटलं तर वनखात्याचा माणूस चौकशीला यायचा. ‘जंगल’ करते. आणि त्या मुलाला सांगितलं, पाट सोडावाच लागेल.