खड्ड्यात आपटून टायर फुगला, रिम वाकली, क्लेम टाकावा का खिशातून करावं?

मुळशीची_लेक

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, समजून घ्या. गौरी आणायच्या म्हणून पुण्याहून श्रीवर्धनला निघालो होतो, गाडी मीच चालवत होते. ताम्हिणी उतरून निजामपूरच्या अलीकडे पाऊस असा लागला की वायपर फास्टवर ठेवूनही समोरचं धड दिसेना. रस्त्यात पाण्याचं डबकं होतं, पुढचा टेम्पो त्यातून सरळ गेला म्हणून मीही घातली आणि डावं पुढचं चाक धाडकन खाली गेलं. मागे सासूबाईंनी गौरीच्या मुखवट्यांचा डबा पोटाशी घट्ट धरला होता म्हणून तो वाचला, पण त्यांचं डोकं वर छताला लागलं. काही झालं नाही देवाच्या कृपेने, पण माझे हातपाय दहा मिनिटं थरथरत होते.

उतरून बघितलं तर टायरमधली हवा तशीच, पण बाहेरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला आणि अलॉय रिमची कड आत दुमडलेली. नवऱ्याने पावसातच स्टेपनी चढवली आणि चाळीसच्या स्पीडने घर गाठलं. आता पुण्यात आल्यावर स्टिअरिंग डावीकडे ओढतंय आणि स्पीड ब्रेकरवर टक टक आवाज येतोय.

गॅरेजचं एस्टिमेट असं आलंय: टायर ५,२००, अलॉय ९,८००, लोअर आर्म ३,६००, लिंक रॉड १,१०० (हे दोन्ही चाकाजवळचे सस्पेन्शनचे पार्ट), मजुरी २,४००, अलाइनमेंट बॅलन्सिंग १,२००. म्हणजे २३,३००. गाडी तीन वर्षं दोन महिन्यांची आहे, १२०० सीसी, पॅकेज पॉलिसी आहे पण झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा कापू नये म्हणून घ्यायचा ॲडऑन (जादा कव्हर), यावर्षी पैसे वाचवायला काढून टाकला होता. विमा कंपनीच्या फोनवरची मुलगी म्हणते टायर कव्हर होत नाही. गॅरेजवाला म्हणतो टाका क्लेम, बघू. मामे सासरे म्हणतात एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत) जाईल, अजिबात टाकू नका. आणि ज्यांचा रस्ता आहे त्यांच्या ऑफिसात फोन केला तर "असं काही मिळत नसतं मॅडम" म्हणून ठेवून दिला. त्याचाच जास्त राग आलाय खरं सांगते. आपण रोड टॅक्स भरायचा, गाडीही आपलीच मोडायची, आणि नीट बोलायलाही कुणी तयार नाही.

कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा काय करावं.

गॅरेजवाला_सातारा

ताई, आधी ते फुगा आलेलं टायर कुणी कितीही सांगितलं तरी परत चढवू नका, स्टेपनी म्हणूनही ठेवू नका. टायरच्या भिंतीत रबराच्या आत धाग्यांचे थर असतात, खड्ड्याची कड आणि रिम यांच्या मधे टायर चिमटला की ते धागे तुटतात आणि मग आतली हवा नुसत्या रबराला बाहेर ढकलते, तो फुगा. त्याला आतून पॅच लावून देणारे भेटतील तुम्हाला, पाचशे रुपयात. हायवेला ऊन तापलं की तो फुटतो आणि पुढचं चाक असेल तर गाडी हातात राहत नाही. मी अशी गाडी उचलून आणलेली आहे, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

दुसरं, गाडी किती चाललीय ते लिहिलं नाहीत. जुनी टायरं तीस पस्तीस हजार चालली असतील तर पुढच्या एक्सलला दोन्ही नवीन घाला आणि उजवीकडचं चांगलं असलेलं स्टेपनीला टाका. एक नवीन एक झिजलेलं ठेवलंत तर ब्रेक मारताना ओढेल, आणि अलाइनमेंट करूनही ओढतंय म्हणून परत गॅरेजला याल.

टक टक म्हणजे लिंक रॉड किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट, एस्टिमेट बरोबर वाटतंय. पण शॉकअप बघायला सांगा, त्याच्या दांड्यावर तेल दिसतंय का, आणि वरचं माउंट. खड्ड्याचा मार आधी टायरला मग रिमला मग तिथून वर वर जातो, आणि पहिल्या दिवशी सगळं दिसत नाही. लिफ्टवर घेऊन दोन माणसांनी चाक हलवून बघायला पाहिजे. अलॉय नुसती वाकली असेल तर प्रेसवर सरळ करून मिळते, पण बारीकसा क्रॅक असेल तर वेल्डिंग करून घेऊ नका, नवीनच घ्या. पत्र्याची रिम असती तर काम स्वस्तात झालं असतं, आमच्याकडे एसटीच्या रस्त्याने फिरणारी मंडळी मुद्दाम पत्र्याचीच ठेवतात.

आणि इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी, खड्ड्यात गाडी जोरात आपटली आणि खालून तेल टपकलं किंवा ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद. एक पाऊलही पुढे नाही. गेल्या पावसाळ्यात एकाने सम्प (इंजिनखालची ऑइलची टाकी) फुटलेली गाडी "गाव जवळच आहे" म्हणून सहा किलोमीटर आणली, इंजिन जॅम झालं. सम्पचं काम काही हजारात झालं असतं. इंजिनचा खर्च लाखाच्या पुढे गेला आणि विम्याने तो दिला नाही, कारण फुटल्यावर चालवत आणली.

पाण्याने भरलेल्या खड्ड्यात जायचंच झालं तर ब्रेक आधी मारून स्पीड कमी करायचा आणि चाक खड्ड्यात उतरताना ब्रेक सोडायचा. ब्रेक दाबलेला असला की गाडीचं नाक खाली बसलेलं असतं, सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं, मग पूर्ण मार रिमवर येतो. हवा कमी असेल तर अजून वाईट.

क्लेमचं_काम_करतो

मी मोटर सर्व्हेच्या, म्हणजे विम्यासाठी गाडीचं नुकसान तपासायच्या कामात आहे, कुठल्या कंपनीबद्दल बोलणार नाही, पण पॉलिसीतलं वाक्य सांगतो कारण फोनवर अर्धंच सांगितलं जातं. स्टँडर्ड पॅकेज पॉलिसीत टायर ट्यूबचं नुकसान धरत नाहीत हे खरं, पण पुढे लिहिलेलं असतं की त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायर बदलायच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळतं. तुमच्या केसमध्ये लोअर आर्म वाकलाय, रिम वाकलीय, म्हणजे गाडीचं नुकसान त्याच आपटण्यात झालंय. क्लेम फॉर्मवर "टायर खराब झाला" असं लिहिलंत की विषय संपला. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी पाण्याखालच्या खड्ड्यात डावं पुढचं चाक आपटलं आणि त्यात टायर, रिम, लोअर आर्म, लिंक रॉड यांचं नुकसान झालं, असं एका वाक्यात सगळं लिहा. जे खरं घडलं तेच, फक्त तुकडे करून नाही. आणि सर्व्हेअर बघेपर्यंत काम सुरू करू देऊ नका, जुनी रिम टायर गॅरेजमधून हलू देऊ नका. तुम्ही गाडी स्टेपनीवर हळू आणलीत ते बरं केलंत, ते पण लिहा.

आता हिशोब. झिरो डेप नाही म्हणून घसारा कापणार. ३ ते ४ वर्षांच्या गाडीला धातूच्या पार्टवर २५ टक्के.

टायर ५,२०० चे निम्मे २,६००. अलॉय ९,८०० चे ७,३५०. लोअर आर्म २,७००, लिंक रॉड ८२५, मजुरी पूर्ण २,४००. झाले १५,८७५. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० कंपलसरी डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला आपल्या खिशातून जाणारी ठरलेली रक्कम, जातो, राहिले १४,८७५. लोअर आर्मच्या बुशला रबर म्हणून ५० टक्के लावले तर थोडं अजून कमी होईल, अलाइनमेंटचे सर्व्हेअरवर आहे, म्हणून धरले नाहीत.

एनसीबी तुमचा किती आहे? मागच्या रिन्यूअलला ३५ टक्के मिळाला असेल तर पुढच्या वेळी ४५ झाला असता, तो शून्य होईल. समजा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम, म्हणजे ओडी, एनसीबी धरायच्या आधी ८,००० आहे. पुढच्या वर्षी ३,६०० जास्त भराल. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के, म्हणजे २,४००. मग एनसीबी परत चढत जाईल तसे २,०००, १,२००, ४००. पाच वर्षांत मिळून ९,६००, आणि गाडीची आयडीव्ही (विम्यात धरलेली किंमत) दरवर्षी उतरते तसा हा आकडाही उतरतो. म्हणजे १४,८७५ घेऊन जास्तीत जास्त साडेनऊ हजार घालवायचे. माझ्या मते टाका क्लेम. पण नुसता टायर गेला असता तर मी नको म्हटलं असतं, आणि पुढच्या सहा महिन्यांत अजून एखादं मोठं डेंटिंगचं काम काढायचं असेल तर तो वेगळा क्लेम होतो, त्यात परत १,००० जातात, हे लक्षात ठेवा.

झिरो डेप असता तर घसारा वाचून साडेअठरा हजारापर्यंत गेला असता. त्यातही टायरला बहुतेक पॉलिसींत ५० टक्केच मिळतात, त्यासाठी टायरचा ॲडऑन वेगळा असतो.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, फोनवरचं धरू नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला मेल, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, मुंबईला आणि पुण्याला दोन्हीकडे ऑफिस आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही.

कोथरूडचा_अव्या

वरचा हिशोब सेव्ह करून ठेवला. मी गेल्या वर्षी नुसत्या एका टायरसाठी क्लेम टाकून बसलो होतो, हातात काही आलं नाही आणि एक आठवडा गाडी गॅरेजला. ताई, डॅशकॅम होता का? आता मी बसवलाय, अशावेळी तारीख वेळ सगळं मिळतं.

नाशिकचा_रहिवासी

विम्याचं वर आलंय, मी रस्त्याच्या बाजूचं लिहितो कारण "असं काही मिळत नसतं" हे वाक्य मलाही ऐकवलं होतं आणि मी ते सोडलं नाही.

माझी गाडी रस्त्याचं काम चालू होतं तिथे खणलेल्या कडेवरून उतरली, रात्री, ना बोर्ड ना रिफ्लेक्टर ना ड्रम. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन फोटो काढले, मीटरपट्टी ठेवून खोली दिसेल असे, मागे किलोमीटरचा दगड येईल असे. हे फार महत्त्वाचं, कारण तक्रार गेली की खड्डा बुजवतात आणि मग खड्डा नव्हताच म्हणतात. मग माहिती अधिकारात अर्ज टाकला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. विचारलं काय, तर हा रस्ता कुणाच्या ताब्यात, ठेकेदार कोण, दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत ठेकेदारानेच दुरुस्ती करायची असते) कधी संपतो, शेवटची दुरुस्ती कुठल्या तारखेला झाली, आणि या किलोमीटरबद्दल वर्षभरात किती तक्रारी आल्या त्याच्या नोंदवहीची प्रत. शेवटचा प्रश्न विसरू नका, आधी तक्रारी असूनही बुजवला नाही हे त्यातूनच सिद्ध होतं. उत्तर आल्यावर वकिलाकडून नोटीस पाठवली, काम चालू असलेल्या जागी बोर्ड, बॅरिकेड, दिवे कसे लावायचे याचे इंडियन रोड्स काँग्रेसचे नियम आहेत, एसपी ५५, त्याचा उल्लेख केला. सात महिने गेले, शेवटी ठेकेदाराने रिम आणि टायरचे ११,००० दिले. वकिलाचे वजा जाता फार उरले नाहीत पण त्या जागी बोर्ड लागले, मला त्याचं समाधान जास्त आहे.

टोलचा रस्ता असेल तर ग्राहक आयोगात सेवेतली त्रुटी म्हणून जाता येतं, टोलची पावती किंवा फास्टॅगचं स्टेटमेंट जपून ठेवायचं, दोन वर्षांच्या आत जायचं, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा आयोगात फी नाही. केरळमध्ये पालियेक्करा टोलवर रस्ता वाईट म्हणून हायकोर्टाने २०२५ मध्ये टोलवसुली थांबवली होती आणि सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. टोल नसलेल्या सरकारी रस्त्यासाठी दिवाणी दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते, तेवीस हजारासाठी ते झेपेल का हे तुम्ही ठरवा.

आणि एक गोष्ट स्पष्ट करतो कारण व्हॉट्सॲपवर उलटसुलट फिरतंय. मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ६ लाखांचा आदेश दिला तो खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस गेला तर त्याच्या घरच्यांसाठी, आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख. गाडीच्या नुकसानीचा तो आदेश नाही. सासूबाईंचं डोकं आपटलं म्हणताय, तर आधी डॉक्टरला दाखवा आणि कागद ठेवा. चांगले रस्ते हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला हक्क आहे हे त्याच कोर्टाने त्याच्या कितीतरी आधी सांगितलेलं आहे, पत्रात तेवढं एक वाक्य जरूर घाला.

खेडची_सुनंदा

नाशिकच्या दादांचं पटतं पण सगळ्यांना सात महिने जमत नाही. आमच्याकडे दरवर्षी गणपतीच्या आधी बुजवतात आणि अनंत चतुर्दशीपर्यंत परत उघडतात. तरी तक्रार मात्र प्रत्येकाने नोंदवा, दोन मिनिटं लागतात, नंबर घ्या. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३. एकाच खड्ड्याच्या चाळीस तक्रारी कागदावर असल्या तर पुढच्या माणसाला उपयोग होईल.

मुळशीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. आधी सांगते, सासूबाईंना दाखवलं, सगळं नॉर्मल आहे.

एनसीबी ३५ च आहे आणि ओडी एनसीबीच्या आधी ७,६०० च्या आसपास, म्हणजे हिशोब जवळजवळ तोच. क्लेम टाकला. फॉर्मवर सांगितलं तसंच एका वाक्यात लिहिलं. सर्व्हेअर काल आले, आधी त्यांनीही टायर होणार नाही म्हटलं, मी लिफ्टवर घेऊन लोअर आर्म दाखवा म्हणाले, तो वाकलेला बघून पॉलिसीतलं वाक्य त्यांनीच वाचलं आणि टायरचे निम्मे धरले. एकूण १४,६०० पास झालेत, बुशवर ५० टक्के कापले म्हणून थोडे कमी. शॉकअप बघितला, कोरडा आहे. गाडी ३८ हजार चाललीय म्हणून सातारच्या दादांनी सांगितलं तसे पुढचे दोन्ही टायर घेतले, दुसऱ्याचे पैसे आमचे आम्ही भरले. डॅशकॅम नव्हता, आता ऑर्डर केलाय.

माहिती अधिकाराचा अर्ज आज पोस्टाने गेला, पाचही प्रश्न टाकलेत. फोटो मात्र फक्त टायरचे होते, खड्ड्याचा एकही नव्हता, म्हणून रविवारी नवरा मुद्दाम मोटारसायकलवर जाऊन आला. खड्ड्यात मुरूम टाकून ठेवलाय, पाणी उपसून डांबर नाही, नुसता मुरूम, त्यावर दोन मोठे दगड. त्याने मीटरपट्टी लावून फोटो काढले. पुण्याहून जाताना डाव्या हाताला आंब्याचं मोठं झाड आहे त्याच्या जरा पुढे, वळण संपता संपता. एक जोराची सर आली की मुरूम वाहून जाईल, या आठवड्यात कुणी त्या बाजूने जाणार असाल तर तिथे उजवीकडून घ्या, समोरचं वाहन बघून.