सण सोडून उरलेल्या दिवसांचं: सगळ्या धर्मांच्या लोकांनी मिळून केलेलं काम, तुमचे अनुभव

मे २०२०, लॉकडाऊन. नाशिक हायवेवर माणसं चालत होती. आम्ही कळव्याचे काही जण साकेत पुलाच्या अलीकडे खिचडी वाटत होतो. पातेली तीन होती. एक आमच्या विठ्ठल मंदिराचं, काठावर ‘मातोश्रींच्या स्मरणार्थ’ असं कोरलेलं. दुसरी मशिदीची देग, तिच्यावर उर्दूत कुणाचं तरी नाव. तिसरं चर्चच्या महिला मंडळाचं, क्रूस आणि खाली १९८९ असं साल. तांदूळ जैन स्थानकातून, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागृहातून, आले होते म्हणून खिचडीत कांदा-लसूण नव्हता, आणि तिथल्या काकी स्वतः पदर खोचून ढवळायला उभ्या होत्या.

आवराआवरीत भांड्यांची अदलाबदल झाली. देग आमच्या देवळात आली. ती परत द्यायला गेले तर तासभर बसले. बोलता बोलता कळलं की मशिदीमागच्या चाळीत जे गटार तुंबतं तेच पुढे आमच्या आळीत येतं. इतकी वर्षं आम्ही वेगवेगळे अर्ज करत होतो. त्यानंतरचा अर्ज एकच गेला, चार शिक्क्यांचा. गटार उपसायला पावणेदोन वर्षं लागली, पण उपसलं.

शांतता समितीत मीही बसले आहे. गणपती-मोहरम जवळ आले की बोलावणं येतं, चहा होतो, फोटो होतो. त्या कामाला मी कमी लेखत नाही. आपल्याच जिल्ह्यात, भिवंडीत, १९८४ च्या दंगलीनंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पण मला विचारायचंय ते उरलेल्या दिवसांचं. पाणी, मजुरी, गटार, दवाखाना यांसाठी मंदिर, मशीद, चर्च, विहार, गुरुद्वारा एकत्र आल्याचं तुम्ही पाहिलंय का? पूर्व लंडनमध्ये १९९६ साली चर्च, मशिदी, शाळा आणि कामगार संघटना यांनी मिळून एक संघटना उभी केली आणि २००१ पासून इस्पितळं आणि बँका झाडणाऱ्यांना जगण्यापुरता पगार मिळावा म्हणून मोहीम चालवली. त्यांची रीत साधी आहे: आधी एकेकाच्या घरी जाऊन बसायचं, ऐकायचं, मग सभा. माझा भाऊ तिकडे राहतो, त्याच्याकडून हे ऐकल्यापासून डोक्यात घोळतंय.

ठाणे, नवी मुंबई, आसपासचं लिहा. कुणाची खरी नावं नकोत. जे फसलं तेही लिहा.

कौसा, मुंब्रा

मी शाळेत शिकवते. माहेर चिपळूणकडचं, घरी कोकणी बोलतो. आमच्या गल्लीत पाणी रात्री अडीचला यायचं, तेही चाळीस मिनिटं, कधी पंचवीस. डोंगराच्या बाजूला, मुंब्रादेवीच्या पायथ्याशी ज्या वस्त्या आहेत तिथेही तेच. पण ‘त्यांना जास्त मिळतं’ असं आम्ही म्हणायचो आणि आमच्याबद्दल ते. भजनी मंडळातल्या एक मावशी माझ्या वर्गातल्या मुलीची आजी. त्या म्हणाल्या, “आपा, भांडण कशाला, लिहून ठेवू.” शंभर पानी वही घेतली, रकाने आखले: तारीख, पाणी आलं कधी, गेलं कधी, किती हंडे. पंधरा दिवस, सत्तावीस घरं, दोन्हीकडची. माझ्या वहीत एका पानावर पाण्याचा ओघळ आहे आणि त्याखाली ‘३.१०’ वाचता येतं, कारण लिहिणारी बाई हंडा काखेत धरून लिहीत होती.

जुम्म्याच्या नमाजनंतर इमामसाहेबांनी वहीबद्दल सांगितलं, एकादशीला भजनात मावशींनी. वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं की त्रास सारखाच होता. मग निवेदनात मुंबई उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा निकाल जोडला. घर बेकायदा असलं तरी पाणी नाकारता येत नाही, पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, असं त्यात म्हटलंय. तो खटला मुंबईतल्या वस्त्यांचा होता, पण साहेबांच्या टेबलावर तो कागद ठेवल्यावर त्यांनी बसायला खुर्च्या मागवल्या. आज पाणी पहाटे साडेपाचला येतं. दाब अजून कमीच आहे. पण अडीच वाजता उठलेली मुलगी माझ्या वर्गात डुलक्या घ्यायची, ती आता घेत नाही.

एक खंत आहे. पहिल्या तीन बैठकांना दोन्हीकडचे विश्वस्त पुरुषच बसले. पाणी भरणारी एकही बाई नव्हती. चौथ्या बैठकीला आम्ही वह्या घेऊन सरळ आत गेलो.

टेंभी नाका, ठाणे

माझं वय ७८. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. इथलं आमचं सिनेगॉग १८७९ चं. पूर्वी कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत, घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. घरातली भाषा मराठी, माझ्या आईच्या तोंडी मोशेचं कीर्तन मराठीतच असायचं. आता ठाण्यात आमची घरं थोडी उरली आहेत.

फुटपाथचा प्रश्न होता. म्हाताऱ्यांना चालता येत नव्हतं. सगळे तयार होते पण बैठक ठरेना. शुक्रवारी दुपारी मुस्लिम बांधव नाहीत, शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत आम्ही नाही, रविवारी सकाळी मिस्सा, गुरुवारी साईबाबांच्या देवळात गर्दी. शेवटी बुधवार, रात्री पावणेनऊ, इशाची नमाज झाल्यावर. तीन वर्षं झाली, वार बदललेला नाही. फुटपाथ अर्धाच झाला आहे. एका बुधवारी मी आजारी होतो, तर चौघं घरी आले आणि बैठक माझ्या पलंगाशेजारी झाली. मला एवढंच सांगायचं होतं.

ऐरोली

जरा सविस्तर लिहितो, कारण हे माझ्या जिव्हारी लागलेलं आहे.

मे २०१९ मध्ये ढोकाळीला एका संकुलाच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले तीन सफाई कामगार गुदमरून गेले. बातमी दोन दिवस राहिली. आमच्या विहारात बुद्धवंदनेनंतर आम्ही त्यांना श्रद्धांजली वाहिली आणि एक तरुण म्हणाला, “दादा, आपण दर वेळी उभं राहतो आणि बसतो.” त्याचं बोलणं मला झोंबलं.

कायदा आहे, २०१३ चा. गटारात, सेप्टिक टाकीत साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते तीस लाख केले. आणि तरी आमच्या शेजारच्या सोसायटीत टाकी साफ करायला बांबू, बादली आणि एक पोरगा येतो. त्याला विचारलं, मास्क? त्याने रुमाल दाखवला.

आम्ही ठरवलं, सोसायट्यांकडून लेखी ठराव घ्यायचा. विहारातून गेलो की दार उघडायचं, पाणी मिळायचं, आणि मग एक वाक्य यायचं: “हा तुमच्या लोकांचा प्रश्न आहे, आम्ही काय करणार?” तीन ठिकाणी हेच ऐकलं. माझे वडील सफाई खात्यात होते. मी त्या रात्री जेवलो नाही.

मग चर्चमधल्या फादरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, आमच्या चर्चची टाकी कोण साफ करतं? त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी ते पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर कबूल केलं. गुरुद्वाऱ्यातल्या सरदारजींनी लंगरच्या वेळी आमच्या माणसाला पाच मिनिटं दिली. एका देवळाच्या पुजाऱ्यांनी, ज्यांची मला अपेक्षाच नव्हती, स्वतःच्या सोसायटीत आधी ठराव करून आणला. त्यानंतर आम्ही चौघं मिळून जायचो. एकाच दारात चार वेगवेगळी माणसं उभी असली की ‘तुमच्या लोकांचा’ हे वाक्य कुणाच्या तोंडून निघत नाही.

एकवीस सोसायट्यांत गेलो, नऊंनी ठराव केला. यंत्राच्या गाडीचा खर्च जास्त येतो म्हणून दोघांनी नंतर मोडला. त्या दोघांकडे आम्ही अजून जातो.

वाशी

मी चार घरची कामं करते, हे माझी मुलगी लिहून देतेय. आमच्यासाठी २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ आहे, हे मला बारा वर्षांनी समजलं. नोंदणीला मालकिणीची सही लागली. सही मागितली की बाई म्हणायच्या, नंतर बघू. मग आमच्या प्रार्थनेच्या पास्टरांनी, जैन देरासरातल्या महाराजांनी आणि बालाजीच्या देवळातल्या प्रवचनकारांनी आपापल्या लोकांना सांगितलं की सही द्या. देरासराच्या हॉलमध्येच टेबल मांडलं. ज्या ताईंनी मला दोनदा परत पाठवलं होतं, त्या रांगेत माझ्यासोबत उभ्या राहिल्या, पेन घेऊन. एकशे चाळीस जणींचे फॉर्म झाले त्या दिवशी.

नेरूळ

आमचं मोडलं. दवाखान्यात रात्री डॉक्टर हवा म्हणून पाच ठिकाणची माणसं जमलो होतो. सहा महिने छान चाललं. मग निवडणूक आली, एका पक्षाने आमच्या मागणीचा बॅनर लावला आणि त्यावर आमच्यातल्या दोघांचे फोटो. उरलेल्यांना वाटलं, आपल्याला विकलं. त्या दोघांना न विचारताच फोटो लावलेले होते, हे मला नंतर कळलं. तोवर एकमेकांच्या दारात जाणं थांबलं होतं. आधी एकमेकांकडे बसलो असतो, लंडनवाले बसतात तसे, तर कदाचित विचारलं तरी असतं. आम्ही सुरुवातच सभेने केली होती.

शीळफाटा

४ एप्रिल २०१३ ला इथली इमारत पडली, ७४ माणसं गेली. मी तेव्हा कॉलेजात होतो. ढिगाऱ्यातून काढलेली माणसं आम्ही दाराच्या फळीवरून नेली. फळीच्या पुढच्या बाजूला कोण, मागे कोण, कुणी पाहिलं नाही. पण महिन्याभरात सगळे आपापल्या घरी गेले आणि शेजारी तशाच इमारती उठल्या, कारण भाडं तिथेच परवडतं. मला वाटतं, त्या वेळी आमच्याकडे हात होते पण वही नव्हती. कौशाच्या ताईंचं वाचून हे लिहावंसं वाटलं. दोन इमारतींतल्या तड्यांची नोंद या रविवारपासून सुरू करतोय, खालच्या मदरशातले मौलाना आणि वरच्या मजल्यावरचे वारकरी काका सोबत आहेत.

कळवा (पहिलं लिहिणारी)

ऐरोलीच्या दादांना विनंती, ठरावाचा मजकूर द्याल का? आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा पुढच्या रविवारी आहे.

ऐरोली

देतो, ताई. आमचा असा आहे:

‘संस्थेच्या आवारातील सांडपाण्याची टाकी, गटार किंवा चेंबर साफ करण्यासाठी कोणत्याही व्यक्तीस आत उतरविले जाणार नाही. काम यंत्रानेच करून घेतले जाईल. कंत्राटदाराशी करार करताना ही अट लेखी घातली जाईल. त्यासाठी येणारा वाढीव खर्च देखभाल निधीतून करण्यास सभा मंजुरी देत आहे.’

शेवटच्या वाक्यावर वाद होतो. ते गाळू नका. ज्यांनी ठराव मोडला, त्यांच्या ठरावात तेच वाक्य नव्हतं.

कळवा

उतरवून घेतलं. सूचक मी, अनुमोदनाला स्थानकातल्या काकी येतायत.