मदत हवी आहे : व्हिएन्नात रविवारी व्हीगन जेवण

दोघे जण, मुक्काम हाउप्टबानहोफजवळ (मुख्य रेल्वे स्टेशन), खोलीत फक्त किटली. दूध, तूप, अंडी, मध नको, कांदा-लसूण चालतो. माणशी 15 युरोपर्यंत.

शोधाशोध करून झाली आहे. मेनूवर पदार्थापुढे ॲलर्जीची अक्षरं असतात, सी म्हणजे अंडी, जी म्हणजे दूध. ती तपासतोच, पण मांसाचा रस्सा त्यात पकडला जात नाही. खरी गोची तिथेच! तिथलं बटाट्याचं सॅलड, एर्डेप्फेलसालाट, दिसायला निरुपद्रवी; पण पारंपरिक पद्धतीत गरम बटाट्यांवर बीफचा रस्सा ओततात. क्नोडेलमध्ये (उकडलेले गोळे) बहुधा अंडं, आणि स्ट्रूडेलच्या (सारण भरलेली गुंडाळी) पिठात ते नसलं तरी वरून लोणी फासलेलं. ‘वेगेटारिश’ (शाकाहारी) लिहिलेलं उपयोगाचं नाही, ‘वेगान’च हवं. फलाफल, म्हणजे छोल्यांचे वडे, चालतं (दह्याचा सॉस वगळून), पण ते जिथे मिळतं तो नाशमार्क्ट बाजार रविवारी बंद. सुपरमार्केटंही बंद, मोठ्या स्टेशनांतली सोडून. तिथला ब्रेड-हमस हा शेवटचा पर्याय धरलाय. भारतीय हॉटेलं सुचवू नका, स्थानिक चव हवी आहे.

रविवारी दुपारी उघडं असणारं, सॅलड रश्श्याऐवजी भाज्यांच्या पाण्यात करणारं एखादं गास्टहाउस (साधी स्थानिक खानावळ) कुणी स्वतः जेवून पाहिलंय का? आणि ‘यात मांसाचा रस्सा आहे का’ हे वेटरला जर्मनमध्ये नेमकं कसं विचारायचं?