क्लिओपाट्राची सुई: एवढा दगड लंडनला नेला तरी कसा?

टेम्सकाठी_नवी
शनिवारी आईबाबांना व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर फिरायला नेलं होतं. तिथे क्लिओपाट्राज नीडल, म्हणजे इजिप्तहून आणलेला उंच निमुळता दगडी खांब आहे. त्याच्यासमोर बाबा अर्धा तास हललेच नाहीत. "२१ मीटरचा अखंड दगड. त्या काळी बोटीत चढवला कसा?" मला काही सांगता येईना. आईचं वेगळंच, "एवढ्या सुईने ती बाई शिवायची तरी काय?" कुणाला माहीत आहे का? आणि हा ढापून आणलाय का हो?

गोदीकर
मुंबईच्या गोदीत एकतीस वर्षं रिगिंग, म्हणजे जड सामान दोरखंडांनी उचलायचं काम केलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही. बाबांना सांगा, दगड बोटीत चढवलाच नाही. दगडाभोवती बोट बांधली! इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावर तो आडवा पडला होता. जॉन डिक्सन या इंजिनियरने त्याच्याभोवती लोखंडी नळकांडं जोडत नेलं. २८ मीटर लांब, जवळजवळ ५ मीटर व्यास. मग सगळंच गडगडत समुद्रात. त्या नळकांड्याचं नाव 'क्लिओपाट्रा', आणि ओढायला 'ओल्गा' नावाची आगबोट.

१४ ऑक्टोबर १८७७. बिस्केच्या उपसागरात वादळ आलं आणि बॅलास्ट सरकलं. बॅलास्ट म्हणजे तोल राहावा म्हणून तळाशी ठेवलेलं वजन, आणि इथे ते काय, तर लोखंडी रूळ! ते एकदा सुटले की कुणाच्या बापाला ऐकत नाहीत. नळकांडं कलंडलं. त्यावरच्या माणसांना आणायला ओल्गावरचे सहा जण होडीतून निघाले. होडी उलटली, सहाही गेले. नळकांड्यावरची माणसं नंतर वाचली, पण नळकांडं मात्र वाऱ्यावर सोडून द्यावं लागलं. बुडालं असेल असं सगळे धरून चालले. कसलं बुडतंय! दुसऱ्याच एका जहाजाला ते तरंगताना दिसलं. त्यांनी स्पेनच्या फेरोल बंदरात नेलं आणि वाचवल्याचे पैसे मागितले. जानेवारी १८७८ मध्ये एकदाचं टेम्समध्ये आलं.

उभा कसा केला, ते तर फारच देखणं. लाकडी मचाण, हायड्रॉलिक जॅक, आणि दगड आडवाच ठेवून थोडा थोडा वर. मधोमध लोखंडी पट्टा आवळलेला. वजनाचा मध्य सापडला की तराजूची दांडीच ती, वळवायला किती जोर लागणार? सप्टेंबर १८७८ मध्ये उभा राहिला. आमचा मुकादम असता तर टोपी काढली असती त्याने.

मीनू_आज्जी
ढापलेला नाही, निदान कागदोपत्री. इजिप्तचा सुभेदार मुहम्मद अली याने १८१९ मध्ये ब्रिटनला भेट दिला. पण वाहतुकीचा खर्च कोण करणार? म्हणून पडून राहिला. शेवटी इरॅस्मस विल्सन या डॉक्टरांनी १०,००० पौंड पदरचे घातले. आता तुर्की सुलतानाच्या सुभेदाराने फारोचा, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन राजाचा दगड परस्पर वाटावा का, हे तुम्हीच ठरवा.

आणि आईंना सांगा, क्लिओपाट्राचा काडीचा संबंध नाही. दगड घडवला तिसरा थुतमोस या फारोने, इजिप्तमधल्याच हेलिओपोलिस शहरासाठी, तिच्या चौदाएकशे वर्षं आधी. रोमनांनी अलेक्झांड्रियाला हलवला, तोही ती गेल्यावर.

टेम्सकाठी_नवी
आई हिरमुसली :) बाबा विचारतायत, चौथऱ्यात काही पुरलंय म्हणतात, ते खरं का?

गोदीकर
खरं आहे. नाणी, केसांच्या पिना, सिगार, बारा सुंदर इंग्रज बायकांचे फोटो. आपला एक रुपयाही आहे त्यात. आणि एक हायड्रॉलिक जॅक, हे मला विशेष आवडलं.

पुन्हा गेलात तर चौथऱ्यावर कांस्याची पाटी शोधा, त्या सहा खलाशांची नावं आहेत. बाबांना म्हणावं, तिचा फोटो टाका इथे.