शब्दचर्चा : कन्साइज, टर्स, सक्सिंक्ट... आणि मग ‘रिच’ कशाला म्हणायचं?

प्रश्न

इंग्रजीत लिहायला लागून बरीच वर्षं झाली, पण एका जागी अजून अडते. सध्या आजोबांवर एक लेख लिहिते आहे. त्यातलं एक वाक्य असं होतं :

“माय ग्रँडफादर वॉक्ड स्लोली अँड विथ हेवी स्टेप्स टू द विंडो अँड लुक्ड आउटसाइड फॉर अ लाँग टाइम विदाउट सेइंग एनिथिंग अ‍ॅट ऑल.”

२३ शब्द. लेखन तपासणाऱ्या एका सॉफ्टवेअरनं त्याखाली ‘वर्डी’ म्हणून रेघा ओढल्या. मी त्याचं ऐकत गेले आणि शेवटी उरलं ते हे :

“माय ग्रँडफादर वेंट टू द विंडो अँड लुक्ड आउट.”

९ शब्द. चूक काढायला जागा नाही, पण माझे आजोबाही त्यात राहिले नाहीत. ‘बी कन्साइज’ म्हणून सांगणारे लोकच ‘लँग्वेज रिच हवी’ असंही सांगतात. दोन्ही एकदम साधायचं कसं? आणि जाता जाता, कन्साइज, टर्स, सक्सिंक्ट, कर्ट यांत नेमका फरक काय? मला सगळ्यांना ‘संक्षिप्त’ एवढाच शब्द सुचतो.

उत्तर

ताई, शेवटचं आधी घेतो, कारण तुमच्या वाक्याचं उत्तर थोडंफार त्यातच आहे.

हे सगळे शब्द लॅटिनमधून आलेले, पण प्रत्येकाच्या पोटात चित्र वेगळं. कन्साइजच्या मुळाशी आहे कापणं. जास्तीचं छाटून टाकलेलं, ते कन्साइज. टर्सच्या मुळाशी पुसणं. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ ‘घासूनपुसून लख्ख केलेलं’ असा होता. आज मात्र कुणी ‘टर्स रिप्लाय’ दिला म्हटलं की त्याचं काहीतरी बिनसलंय असं वाटतं. कर्ट तर सरळ तुसडा. मराठीतला ‘तुटक’ त्याला बरोबर बसतो : तुटक बोलणं कमी शब्दांचं असतंच, पण त्याला ‘मोजकं बोलणं’ कुणी म्हणत नाही.

माझा लाडका सक्सिंक्ट. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ, वस्त्र खालून वर उचलून कमरेशी खोचणं. म्हणजे आपलं पदर खोचणं किंवा काचा मारणं! यात कापड कुठेच कापलेलं नाही. आहे तेवढंच आहे, फक्त पायात येणार नाही असं आवरून घेतलंय. कन्साइज कात्री मागतो, सक्सिंक्ट खोचायला सांगतो. तुमच्या सॉफ्टवेअरला कात्रीच तेवढी ठाऊक आहे.

उलट बाजूचा बॉम्बास्ट हा शब्दही बघण्यासारखा आहे. मूळ अर्थ कापूस. कपडे फुगवायला आत जो कापूस कोंबत, तो बॉम्बास्ट. पुढे शब्दांनी फुगवलेल्या भाषेला तेच नाव पडलं. कापसानं अंगरखा भरदार दिसतो, आतला माणूस होता तेवढाच राहतो. ‘रिच लँग्वेज’ म्हणताना पुष्कळदा आपल्या मनात हा कापूसच असतो.

मराठीत शब्दांची वानवा मुळीच नाही. संक्षिप्त, त्रोटक, तुटक, मोजकं, नेमकं, आटोपशीर, गोळीबंद. तुमचं नऊ शब्दांचं वाक्य त्रोटक झालंय. तुम्हाला हवंय ते गोळीबंद.

दुसरं मत

मी कात्रीच्या बाजूचा. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलनं १९४६ च्या निबंधात नियमच घालून दिलाय : ‘इफ इट इज पॉसिबल टू कट अ वर्ड आउट, ऑलवेज कट इट आउट.’ एवढा एक नियम पाळला तरी निम्मं लेखन सुधारेल. ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’च्या जागी ‘बिकॉज’, ‘अ‍ॅट धिस पॉइंट इन टाइम’च्या जागी ‘नाउ’, ‘मेक अ डिसिजन’च्या जागी ‘डिसाइड’. यात कसली श्रीमंती गेली सांगा?

पहिल्या उत्तरदात्याकडून

कसलीच नाही, ही कात्री मलाही मान्य आहे. ‘फ्री गिफ्ट’, ‘पास्ट हिस्टरी’, ‘रिटर्न बॅक’ यांनाही तीच लावा. पण ऑर्वेलचा तो नियम पुन्हा वाचा. १३ शब्द आहेत. त्याच्याच नियमानं ‘इफ यू कॅन कट अ वर्ड, कट इट’ एवढ्यात, आठात काम भागतं. मग ‘ऑलवेज’ कशाला ठेवला? कारण नियमाला नियमासारखा जोर हवा होता. ‘आउट’ दोनदा का? दोन्ही अर्धुकांचा शेवट सारखा होतो आणि वाक्य तोंडात बसतं. ऑर्वेलला कापता येत नव्हतं असं म्हणायची माझी हिंमत नाही. शिवाय त्याच यादीतला सहावा नियम म्हणतो की काही रानटी लिहिण्यापेक्षा आधीचा कुठलाही नियम मोडा. लोक पहिले पाच पाठ करतात आणि सहाव्यावर पान उलटतात.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रा. स्ट्रंक यांची गोष्ट तर याहून गमतीची. ‘ओमिट नीडलेस वर्ड्स’ हा नियम त्यांचा, १९१८ च्या छोट्या पुस्तिकेतला. त्यांचे विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी लिहून ठेवलंय की वर्गात ते हा नियम लागोपाठ तीनदा म्हणायचे. बोलण्यातले इतके शब्द त्यांनी गाळलेले असत की वेळ उरायचा, तो भरायला तेच वाक्य तीनदा. व्हाइट यांनी हे थट्टेत लिहिलंय. पण तीनदा म्हटल्यामुळेच ते विद्यार्थ्याच्या डोक्यात पक्कं बसलं, हेही खरं.

आणखी एक

मी कायद्याच्या कागदांची भाषांतरं करते, म्हणून जोडशब्दांवर थोडं. ‘विल अँड टेस्टमेंट’, ‘गुड्स अँड चॅटल्स’, ‘ब्रेकिंग अँड एंटरिंग’. आज हे सगळं फापटपसारा वाटतं. पण १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर राज्यकर्ते आणि कोर्ट फ्रेंच बोलू लागले, कागद लॅटिनमध्ये लिहिले जाऊ लागले आणि रयत इंग्रजीतच राहिली. अशा तीन भाषांच्या वावरात देशी आणि परका असे दोन शब्द शेजारी बसण्याची सवय रुजली. विल देशी, टेस्टमेंट लॅटिन. गुड्स देशी, चॅटल्स फ्रेंच. सगळ्याच जोड्या अशा नाहीत, ‘सीझ अँड डिझिस्ट’मधले दोन्ही फ्रेंचच. पण कानाला जोडीची चटक लागली ती लागलीच. ब्रिटिश पासपोर्टमध्ये ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ असं छापलेलं असतं. त्यातल्या ‘लेट’चा अर्थ अडथळा, म्हणजे आजच्या ‘लेट’च्या (होऊ देणं) थेट उलटा. जोडीदारानं हात धरलाय म्हणून बिचारा टिकून आहे.

हे वाचून हसण्याआधी आपल्याकडे बघावं. ‘कागदपत्र’मध्ये कागद फारसीतून आलेला, पत्र संस्कृत. ‘धनदौलत’, ‘रीतिरिवाज’, ‘बाजारहाट’, सगळा तोच मामला. ‘धनदौलत’मधलं दौलत छाटून बघा. अर्थ तसूभर कमी होत नाही, पण शब्दाचं वजन गेलं.

पहिल्या उत्तरदात्याकडून

वा! यावरून आठवलं. सूत्र कसं असावं हे सांगणारा एक जुना श्लोक आहे : अल्पाक्षर, असंदिग्ध, सारवत् (सार असलेलं), विश्वतोमुख (सगळीकडे लागू पडणारं), अस्तोभ आणि अनवद्य (निर्दोष). अल्पाक्षराला लगेच असंदिग्धाची सोबत दिलीय, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. रोमन कवी होरेसचीही हीच तक्रार होती : मी थोडक्यात सांगायला धडपडतो आणि दुर्बोध होऊन बसतो. मजा अशी की ज्याच्यावरून ‘पर्पल पॅच’ म्हणजे भाषेला लावलेलं भपकेबाज ठिगळ ही कल्पना आली, तेही त्याच कवितेत, याच्या दहाएक ओळी आधी. दोन्ही खड्डे एकाच रस्त्यावर.

पण मला सांगायचंय ते ‘अस्तोभ’बद्दल. स्तोभ म्हणजे सामगायनात भरीला घातलेली, स्वतःचा अर्थ नसलेली अक्षरं : हाउ, होइ वगैरे. सूत्रात स्तोभ हा दोष. सामात मात्र स्तोभ काढला की गाणंच मोडतं. म्हणून एखाद्या शब्दावर कात्री धरताना ‘याला अर्थ आहे का’ एवढंच विचारून भागत नाही, ‘हा काय काम करतोय’ असं विचारावं लागतं. ‘शी बिलीव्ह्ड दॅट द बॉय हॅड लाइड’मधला ‘दॅट’ काढा. वाचणारा क्षणभर ‘तिनं मुलावर विश्वास ठेवला’ असं वाचतो, मग ठेचकाळून मागे येतो. ‘आय अ‍ॅम सॉरी फॉर युवर लॉस’मधलं ‘आय अ‍ॅम’ काढा. सांत्वन करणारा माणूसच निघून जातो, छापील कार्ड उरतं.

आता ताईंचं वाक्य. ‘वॉक्ड स्लोली अँड विथ हेवी स्टेप्स’ हे मराठी मनातून आलेलं इंग्रजी आहे. आपण ‘चालणं’ हे एक क्रियापद घेतो आणि कसं चालणं ते शेजारी सांगतो : पाय ओढत, रमतगमत, लटपटत, डुलत. इंग्रजी हे पुष्कळदा क्रियापदातच भरतं : शफल (पाय ओढत), सॉन्टर (रमतगमत), टॉटर (लटपटत), ट्रज (थकून जड पावलांनी), प्लॉड (संथपणे, नेटानं). तिथे क्रियाविशेषणं जोडत गेलं की वाक्य अघळपघळ होतं. म्हणून शब्दसंपदा आणि शब्दबाहुल्य यांची गल्लत नको. ज्याच्याजवळ ‘ट्रज’ आहे त्याला पाच शब्द खर्चावे लागत नाहीत. श्रीमंती असली की काटकसर आपोआप होते, उलटं होत नाही. माझी सूचना : “माय ग्रँडफादर ट्रज्ड टू द विंडो.”

कायद्यावाल्या

ट्रज नको हो. ट्रज म्हटलं की चिखल येतो, बर्फ येतं, मैलोन्मैल अंतर येतं. खोलीतल्या खोलीत खिडकीपर्यंत कोण ट्रज करणार? शफल म्हणा.

प्रश्नकर्ती

शफल नाही चालणार. त्यात पाय जमिनीवरून उचलला जात नाही ना? आजोबा पाय घासत नव्हते. ठाम पाऊल टाकायचे, शेजारच्या खोलीत आवाज यायचा. फक्त त्या दिवशी प्रत्येक पावलाला वेळ लागत होता.

पहिल्या उत्तरदात्याकडून

मग माझं ‘ट्रज’ही गेलं आणि यांचं ‘शफल’ही. ‘प्लॉड’मध्ये रटाळपणा येतो, तोही नको. वॉक्ड राहू द्या, जोडीला एकच शब्द द्या : ‘हेव्हिली’. जड पाऊल सावकाशच पडतं, म्हणजे ‘स्लोली’ला आता काम नाही.

कात्रीवाले

‘अ‍ॅट ऑल’ तरी काढाल की नाही? आणि ‘फॉर अ लाँग टाइम’ हे चार शब्द जाऊन ‘गेझ्ड’ एवढं पुरे.

पहिल्या उत्तरदात्याकडून

‘अ‍ॅट ऑल’ खुशाल काढा. तिथे जोर देऊन उपयोग नाही, गप्प बसलेल्या माणसाच्या गप्पपणावर आरडाओरडा केल्यासारखं होतं. ‘विदाउट सेइंग एनिथिंग’चं ‘सेइंग नथिंग’ होईल. पण ‘गेझ्ड’ला माझा विरोध. त्यात जरा स्वप्नाळूपणा आहे, आणि मुख्य म्हणजे तो शब्द एका दमात संपतो. ‘फॉर अ लाँग टाइम’ वाचायला वेळ लागतो, आजोबा तेवढा वेळ खिडकीशी उभे राहतात. हा आमचा स्तोभ, याला हात लावू नका.

प्रश्नकर्ती

मग आता असं झालं :

“माय ग्रँडफादर वॉक्ड हेव्हिली टू द विंडो अँड लुक्ड आउट फॉर अ लाँग टाइम, सेइंग नथिंग.”

१६ शब्द. सॉफ्टवेअरनं ‘हेव्हिली’खाली पुन्हा रेघ ओढलीय. ओढू दे.