रुमाल बांधून आलेल्या गिऱ्हाइकाचा दंड दुकानदाराने का भरावा?

पेठेतला वाणी (५ डिसेंबर २०२१, रात्री ९.५०)

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी आमचे किराणा दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेले, आता मी पाहतो. राज्य शासनाने कोरोनासाठी २७ नोव्हेंबरला काढलेला आदेश मी दोनदा वाचला आणि त्यातील एका तरतुदीवर अडकून पडलो आहे. मास्क न लावणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये दंड, इथपर्यंत समजले. परंतु ती व्यक्ती माझ्या दुकानात सापडली, तर तिच्या दंडाशिवाय मला वेगळा १०,००० रुपये दंड होणार, आणि नाकावर बांधलेला रुमाल यापुढे मास्क समजला जाणार नाही. शिवाय दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाचे लसीचे दोन्ही डोस झालेले असले पाहिजेत, असेही त्याच आदेशात आहे.

गुरुवारी, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी घडलेला प्रसंग सांगतो. शेजारच्या वाडीवरचे सत्तरीचे एक अण्णा वीस वर्षांपासून आमच्याकडून माल नेतात. ते नाकातोंडावर रुमाल घट्ट बांधून आले होते. मी तूरडाळ तोलत असताना दारात मास्क तपासणारे पथक उभे राहिले. अण्णांच्या नावाने ५०० रुपयांची पावती फाडली गेली आणि मला सांगण्यात आले की, या वेळी समज देतो, पुढच्या वेळी दहा हजार. अण्णा पथकाला काहीच बोलले नाहीत. ते माझ्यावर चिडले. "रुमाल चालत नाही हे तुला माहीत होते, मग मला दारातच का नाही सांगितलेस?" असे म्हणून अर्धवट तोललेली डाळ तशीच टाकून निघून गेले.

साखरेवर किलोमागे रुपया सुटतो असे धरले, तर दहा हजार रुपये मिळवायला पन्नास किलोची दोनशे पोती विकावी लागतात. मास्कला माझा विरोध नाही. माझ्या चुलत्यांना आम्ही एप्रिलमध्ये गमावले आहे, त्यामुळे आजार खोटा आहे असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु गल्ला सांभाळायचा, तोलायचे, उधारी लिहायची आणि प्रत्येकाच्या नाकाकडे पाहून पोलिसकीही करायची, हे मला जमत नाही. काउंटरवर तीन पदरी मास्कचा खोका ठेवला आहे. शासनाने गेल्या वर्षी ठरवून दिलेल्या चार रुपयांनाच देतो. तरी लोक म्हणतात, "वहीत मांड," आणि तो मास्क बाहेर पडताच खिशात जातो. हा दंड कायद्याने खरोखरच माझ्यावर येतो का, आणि येत असेल तर गिऱ्हाईक न दुखावता हे कसे निभवायचे, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे.

जुना कारकून (५ डिसेंबर २०२१, रात्री ११.१५)

मी एका नगरपालिकेतून निवृत्त झालो. आधी तुमच्या प्रश्नाचे कोरडे उत्तर देतो. दंड येतो. हे आदेश आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आणि साथरोग कायदा, १८९७ यांच्या आधारे काढले जातात आणि त्यात शासनाला बराच मोकळा हात आहे. तुम्ही वाचलेल्या आदेशात तीन पायऱ्या आहेत: व्यक्तीला ५००, तिने नियम तुमच्या आवारात मोडला तर आस्थापनेला १०,०००, आणि आस्थापनेनेच नियम पाळले नाहीत तर ५०,०००. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीतील फरक नीट लक्षात घ्या. तुमचा हमाल किंवा तुम्ही स्वतः मास्क हनुवटीवर ओढून बसलात, तर मामला तिसऱ्या पायरीवर जाऊ शकतो. म्हणून गिऱ्हाइकाच्या नाकाआधी स्वतःच्या माणसांच्या नाकाकडे पाहा. दर्शनी भागात फलक लावा, त्याचा दिनांकासह फोटो काढून ठेवा आणि पैसे भरावेच लागले तर छापील पावती घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आता थोडे विषयाच्या कडेने. साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा आहे, मुंबईत पसरलेल्या प्लेगच्या वेळचा, आणि जेमतेम दोन पानांत मावेल एवढा. त्या वर्षी पुण्यात लोकांचा संताप औषधापेक्षा घराघरांत शिरून झडती घेणाऱ्या गोऱ्या सोजिरांवर होता. चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या त्या याच रागातून. आजच्या पथकाची त्या शिपायांशी तुलना करण्याचा माझा मुळीच हेतू नाही, पथकातील मुले बहुधा कंत्राटी असतात, त्यांना वरून "आज किती पावत्या झाल्या?" असे विचारले जाते, आणि तो प्रश्न मीही हाताखालच्यांना विचारलेला आहे. पावत्या मोजणे सोपे असते. किती माणसांनी समजून मास्क वर केला, याची नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही.

काठावरची (६ डिसेंबर २०२१, सकाळी ८.०५)

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते आहे आणि थोडे रागाने लिहिते आहे. आम्ही नियम पाळले नाहीत असे कोणी म्हणू नये. जून २०२० मध्ये रस्त्याच्या एका बाजूची दुकाने विषम तारखेला आणि दुसऱ्या बाजूची सम तारखेला उघडत असत. म्हणजे पीठ आज मिळे, आणि गिरणीच्या समोरचे तेल उद्या. आम्ही ती तारखांची कसरतही केली. या वर्षी एप्रिलमध्ये किराणा फक्त सकाळी ७ ते ११ मिळेल असे ठरले आणि दिवसभरात विरळ येणारी माणसे चार तासांत एकाच दुकानासमोर लोटली. मी स्वतः एका सकाळी चुन्याने आखलेल्या गोलात उभी होते. त्या एका गोलात आम्ही तिघी होतो, कारण अकराला शटर पडणार हे प्रत्येकीला दिसत होते. गर्दी टाळण्यासाठी काढलेल्या नियमाने गर्दी कशी होते, ते मी तिथे पाहिले.

माझ्या सासूबाईंना कमी ऐकू येते. समोरच्याचे ओठ पाहून त्या बोलणे समजून घेत असत. गेले दीड वर्ष त्या औषधाच्या दुकानात एकट्या जात नाहीत, कारण गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची हे मास्कआडून सांगितलेले त्यांना कळत नाही आणि पुन्हा विचारले की मागची रांग कुरकुरते. या गोष्टीसाठी कोणत्याही आदेशात एक ओळ नाही. हॉटेलात मात्र दारातून टेबलापर्यंत मास्क लावायचा आणि बसल्यावर काढून तासभर गप्पा मारायच्या. सभा आणि मिरवणुका यांविषयी लिहिले तर हा विषयच भरकटेल, म्हणून लिहीत नाही.

पेठेतले वाणी, तुमचे अण्णा तुमच्यावर का चिडले हे मला समजते. पथकावर चिडण्याची सोय नसते, म्हणून माणूस ओळखीच्या माणसावर चिडतो.

कान-नाक-घसा (६ डिसेंबर २०२१, दुपारी ३.३०)

मी तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवतो. रुमालाचा मुद्दा शासनाचा हट्ट वाटतो, पण त्यामागे कारण आहे. धुऊन विरलेला एकपदरी रुमाल थुंकीचे मोठे थेंब अडवतो. बोलताना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण त्यातून आणि त्याच्या बाजूंच्या फटींतून सहज जातात. हे कण बंद खोलीत बराच वेळ हवेत तरंगत राहतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली; एका बाधित व्यक्तीसह तेथे ६१ जण होते आणि त्यातील ५३ जण आजारी पडले. मोकळ्या मैदानात तालीम झाली असती तर आकडा निश्चितच एवढा फुगला नसता.

लोकांच्या वैतागाला आम्ही वैद्यकीय मंडळीही जबाबदार आहोत, हे मान्य केले पाहिजे. सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसाने मास्क लावण्याची गरज नाही असे सांगत होती. ५ जून २०२० रोजी तिने भूमिका बदलली, आणि मुंबईत तर मास्क त्याआधीच, एप्रिलमध्ये, सक्तीचा झाला होता. विषाणू हवेतून पसरतो हे स्पष्ट शब्दांत सांगायला तिला २०२१ उजाडले. तोवर आपण भाजीच्या पिशव्या धूत बसलो आणि खिडक्या मात्र बंद ठेवल्या. ज्ञान वाढते तसा सल्ला बदलणारच, परंतु तो का बदलला हे सामान्य माणसाला कोणी समजावून सांगितले नाही, म्हणून त्याला वाटते की हे सगळे मनाला येईल तसे चालले आहे.

आदेशातील खरी उणीव मला निराळीच दिसते. रस्त्याकडे पूर्ण उघडा असलेला, गिऱ्हाईक बाहेर फळीपाशी उभे राहून माल घेते असा किराण्याचा गाळा, आणि काचा लावून वातानुकूलित केलेले कापडाचे दालन, या दोन्हींना एकच माप लावले आहे. पहिल्या ठिकाणी वारा निम्मे काम करतो. तुमचे दुकान आत खोल असेल तर मागच्या भिंतीला धूर ओढणारा पंखा बसवा, शटर अर्धे ओढून बसू नका आणि तोलण्याचा काटा शक्य तितका दाराजवळ आणा.

बांगलादेशात ६०० गावांमध्ये, सुमारे साडेतीन लाख लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास याच महिन्यात प्रसिद्ध झाला आहे. तेथे मास्क फुकट वाटले, गावातील मान्यवरांनी स्वतः लावून दाखवले आणि बाजारात माणसे उभी करून आठवण करून दिली; दंड केला नाही. मास्कचा नीट वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह आढळलेला संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी, तर साठीपुढील लोकांत सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाला. हे आकडे चमत्काराचे नाहीत, पण तुमच्या अण्णांच्या वयाच्या माणसासाठी ते मोठे आहेत. कापडी मास्कबाबत मात्र तेवढा स्पष्ट परिणाम दिसला नाही. त्या अभ्यासात संदेश पाठवणे, बक्षिसे देणे, घरावर पाट्या लावणे यांचा वेगळा उपयोग झाला नाही. समोर उभे राहून, तोंडाने सांगितलेले लागू पडले.

कापडवाला (६ डिसेंबर २०२१, रात्री १०.२०)

डॉक्टरांनी आमच्या काचांवर बोट ठेवले, ते बरोबरच आहे; आता दुपारी दारे उघडी ठेवतो आणि विजेचे बिलही कमी आले. परंतु पुण्यातील व्यापारी म्हणून एक गोष्ट नोंदवतो. आमचा राग मास्कवर कधीच नव्हता. दुकाने उघडली तेव्हा कपडे घालून पाहण्याची खोली बंद, माल बदलून देणे बंद. बाईमाणसाने अंदाजाने कुर्ता कसा घ्यावा? पुढे यंदाच्या पावसाळ्यात चार वाजता शटर ओढायचे, शनिवार-रविवार बंद. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्याच्या बहुतेक भागाला रात्री आठपर्यंत मुभा मिळाली, तेव्हा वगळलेल्या ११ जिल्ह्यांत पुणे होते आणि आपला सातारा, सांगली, कोल्हापूरही होते. त्या दिवसांत आम्ही रस्त्यावर येऊन घंटानाद केला. त्यामुळे आता दहा हजारांचे कलम वाचले की मास्क आठवत नाही, चार वाजताचे शटर आठवते. दोन डोसचे प्रमाणपत्र मात्र मी कोणाकडेही मागत नाही आणि मागणारही नाही; ज्याला पाहायचे आहे त्याने दारात आपला माणूस बसवावा.

पेठेतला वाणी (१२ डिसेंबर २०२१, रात्री ९.१५)

सर्वांचे आभार. काटा दाराशी आणला, फळी आडवी टाकली, त्यामुळे आत कोणी येतच नाही. बोलण्याची पद्धतही बदलली. पूर्वी "मास्क लावा" म्हणत असे, त्यावर उत्तर येई, "तू कोण सांगणारा?" आता मी काटा हातात धरून थांबतो आणि म्हणतो, "मावशी, मला दहा हजारांचा दंड बसेल हो." बहुतेक जण हसतात आणि पदर किंवा रुमाल बाजूला करून खोक्यातला मास्क घेतात. एक-दोघे अजूनही भांडतात. त्यांना मी रस्त्यावर थांबवून माल हातात नेऊन देतो. प्रमाणपत्राच्या बाबतीत मी कापडवाल्यांसारखाच वागतो आहे. ओमायक्रॉन या कोरोनाच्या नव्या प्रकाराच्या बातम्या येऊ लागल्यापासून पथकाची फेरी दिवसातून दोनदा होते. अण्णा अद्याप आलेले नाहीत. त्यांचा मुलगा येऊन मागची उधारी चुकती करून गेला, आणि हे लक्षण चांगले नाही, हे कोणताही दुकानदार सांगेल.

पेठेतला वाणी (११ एप्रिल २०२२, सायंकाळी ७.४०)

धागा वर काढतो आहे. पाडव्यापासून, म्हणजे २ एप्रिलपासून, निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला, हे सर्वांना माहीतच आहे. जानेवारीच्या लाटेत गावात घरटी ताप होता, परंतु मला दंड झाला नाही. फलक काढला, तेव्हा त्यामागच्या भिंतीचा मूळ पोपटी रंग दिसला. फळी मात्र तशीच ठेवली आहे, कारण तिच्यामुळे लहान मुले बरण्यांपर्यंत पोहोचत नाहीत.

अण्णा पाडव्याला साखरेच्या गाठी न्यायला आले. दंडाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. माझ्याकडे अडीच खोके मास्क उरले होते. ते आता चटणीच्या कांडपाला जाणाऱ्या बायका नेतात, कारण डंकाच्या गिरणीत मिरचीचा खकाणा नाकात जातो. चार रुपयांना देतो, आणि त्या अजूनही म्हणतात, "वहीत मांड."